केनियाच्या किनाऱ्यावरच्या मंडळ्यांना भेटायला जाताना: पहिल्या दौऱ्याची तयारी

तुमच्या मंडळीची केनियातल्या एखाद्या मंडळीशी ओळख आहे, एकमेकांसाठी प्रार्थना चालू आहे, आणि आता पास्टोरेट कमिटीत विषय निघालाय की आपण जाऊन त्यांना भेटावं. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. तेव्हा आम्हाला जी माहिती दहा जणांना विचारून तुकड्यातुकड्यांनी मिळाली, ती तुमच्यासाठी इथं एकत्र लिहितो. मोंबासा आणि रबाई हा भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण तो मला माहीत आहे.

या भागाशी आपलं नातं जुनं आहे, आणि टीममधल्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकच्या शरणपुरात आसरा दिला, शिकवलं, हाताला काम दिलं. त्यांतले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबाईला सेवेसाठी गेले. पुढे १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर सुटका झालेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्यावरून तिचं नाव फ्रीअरटाउन पडलं. ती उभी करणारे रेव्हरंड प्राइस आधी शरणपुरातच होते. या भारतातून आलेल्या ख्रिस्ती लोकांना तिथं 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. जोन्स आणि सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये दीक्षा दिली. म्हणजे तिथल्या मंडळीच्या पहिल्या पिढीत नाशिकमध्ये वाढलेली माणसं होती. आपण भेटायला जातोय ते घरच्यांना, हे मनात पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

१. आधी तिकडून बोलावणं येऊ द्या (निघण्याच्या सहा महिने आधी)

तारखा ठरवून मग "आम्ही येतोय" असं कळवू नका. त्यांच्याकडून लेखी निमंत्रण मागवा, आणि ते एकट्या पाळकाचं नको. अँग्लिकन चर्च ऑफ केनियात मंडळ्या धर्मप्रांताखाली येतात, त्यामुळे पत्र बिशपांच्या कार्यालयातून किंवा निदान त्यांच्या संमतीनं यावं. आपल्याकडूनही पत्र बिशपांमार्फतच जाऊ द्या. इतर पंथांच्या मंडळ्यांतही हीच रीत ठेवा: जो स्थानिक पाळकाच्या वर जबाबदार आहे, त्याला सगळं माहीत असलं पाहिजे.

हा नुसता शिष्टाचार नाही. २०२३ मध्ये किलिफी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शाकाहोला जंगलात एका पंथाच्या नादी लागून उपाशी मेलेल्या लोकांचे मृतदेह सापडले. मृतांचा आकडा ४०० च्या वर गेला. रबाई याच काउंटीत आहे. तेव्हापासून बाहेरून आलेल्या अनोळखी प्रचारकांकडे सरकार आणि साधी माणसंही सावधपणे पाहतात, आणि त्यांचं पाहणं रास्तच आहे. आपण कोण, कोणाच्या बोलावण्यावरून आलो, किती दिवस राहणार हे कागदावर असलं की यजमान मंडळीलाही त्रास होत नाही.

पत्रात इतकं असावं: प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव आणि क्रमांक, भेटीचे दिवस, कोणत्या मंडळ्यांना भेट, राहण्याचा पूर्ण पत्ता, यजमानांचा फोन, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याचं कारण दुसऱ्या पायरीत येईल.

एक सापळा इथंच सांगतो. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर ओळख काढून "आमच्या मंडळीला भेट द्या, आमचं अनाथालय आहे" असं लिहिणारे बरेच असतात. त्यांतले काही प्रामाणिक असतील. पण धर्मप्रांताकडून किंवा त्या पंथाच्या मुख्य कार्यालयाकडून खात्री झाल्याशिवाय पाऊल उचलू नका आणि आगाऊ पैसे तर मुळीच पाठवू नका.

निमंत्रण आलं की यजमानांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं टीमसमोर वाचून दाखवा. सध्या तुमच्या मंडळीवर कसला भार आहे? आम्ही कोणाकोणाला भेटावं असं तुम्हाला वाटतं? आणि आम्ही काय करू नये? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळत नाही, सभ्यतेपोटी टाळलं जातं. दोन-तीनदा विचारा.

२. टीम निवडा

सहा ते आठ जण पुरे. एका मॅटाटूत, म्हणजे तिथल्या वडापच्या व्हॅनमध्ये, सामानासकट माणसं मावतात आणि यजमानांच्या घरांवर भार येत नाही. वीस जणांची टीम गेली की दौऱ्याची सहल होते, आणि छोट्या मंडळीचे महिन्याचे पैसे आपल्या जेवणात जातात.

निम्म्या तरी बाया असाव्यात. केनियात मदर्स युनियन ही मंडळीचा कणा आहे. त्या बायका आपल्या महिला संघाच्या बायकांशी जे बोलतील, ते पाळकसाहेबांशी बोलणार नाहीत. पुरुषांची 'कामा' आणि तरुणांची 'कायो' अशा संघटनाही आहेत, म्हणून तरुण संघातला एखादा मुलगा किंवा मुलगी हवीच. इंग्रजी नीट बोलणारे दोघे असावेत. एकच असला तर तो आजारी पडल्यावर सगळे मुके होतात.

आता एक नियम, जो बहुतेक मंडळ्यांना माहीत नसतो. टीममध्ये सरकारी नोकर असेल, किंवा सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या महामंडळात, कंपनीत कामाला असेल, तर परदेशात परक्या यजमानांचा पाहुणचार फुकट घ्यायला त्याला केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. विदेशी अंशदान कायद्यातच, म्हणजे एफसीआरएमध्ये, तशी तरतूद आहे. अर्ज ऑनलाइन असतो, त्याला एफसी-२ म्हणतात, आणि निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी तो करावा लागतो. कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणि मंजूर रजा हे आणखी वेगळं. एसटीत, वीज कंपनीत, सरकारी रुग्णालयात काम करणारे आपल्या मंडळ्यांत भरपूर आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनीही कार्यालयात लेखी विचारून घ्यावं. सोपा मार्ग असा की अशा सभासदांनी राहण्या-जेवण्याचा आपला खर्च स्वतः करावा आणि पावत्या जपाव्यात. तरीही खात्याची परवानगी लागतेच.

३. पासपोर्ट आणि कागद

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. आपल्या लोकांची खरी अडचण नावाची असते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींचं तर विचारूच नका. सहा महिने हातात असतील तर हे सगळं सुधारता येतं. तिकीट, ईटीए (केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी, चौथी पायरी पाहा), लसीचं पुस्तक, विमा या प्रत्येक ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, गेलं पाहिजे.

प्रत्येकाच्या फाइलमध्ये हे असू द्या:

- पासपोर्ट आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- ईटीएची छापील प्रत
- यलो फिव्हरची लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं पुस्तक (पाचवी पायरी पाहा)
- यजमानांचं निमंत्रणपत्र आणि आपल्या मंडळीचं किंवा बिशपांचं परिचयपत्र
- जाण्या-येण्याची तिकिटं
- प्रवास विम्याची पॉलिसी
- सरकारी नोकर असल्यास परवानग्या
- १८ वर्षांखालील मूल एकाच पालकाबरोबर किंवा पालकांशिवाय जात असेल तर नोटरी केलेलं संमतिपत्र
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली

सगळ्यांच्या कागदांचे फोटो टीममधल्या दोघांच्या फोनमध्ये आणि मागे राहिलेल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवा.

४. ईटीए

केनियानं जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए, सुरू केली. अर्ज घरबसल्या होतो. पासपोर्टचं पान, फोटो, विमानाचा तपशील आणि राहण्याचा पत्ता लागतो. फी माणशी सुमारे ३० डॉलर. सहसा तीन-चार दिवसांत उत्तर येतं, पण दोन-तीन आठवडे आधी करून टाका.

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गो डॉट केई' असा संपतो. शोधल्यावर वर जाहिरातीत दिसणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं खासगी एजंटांची असतात. ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि आपल्या पासपोर्टची माहितीही त्यांच्याकडे जाते.

भेटीचं कारण खरं लिहा. कोणी सांगेल, "चर्च वगैरे लिहू नका, सफारी लिहा." ऐकू नका. देवाच्या कामाला खोट्या कागदावर जायचं नसतं, आणि विमानतळावर आठ जणांच्या आठ वेगळ्या गोष्टी निघाल्या तर अडचण होते ती वेगळीच. थोड्या दिवसांची भेट वेगळी आणि तिथं राहून सेवा करणं वेगळं. धार्मिक वा धर्मादाय काम करायला केनियात 'क्लास आय' नावाचा परवाना असतो. आपल्या कार्यक्रमात संदेश देणं, शिबिर घेणं असेल तर त्यासाठी आणखी काही परवानगी लागते का, हे यजमान धर्मप्रांतानं तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाला आधी विचारावं आणि उत्तर आपल्याला लेखी कळवावं.

टीममध्ये डॉक्टर किंवा नर्स असतील तर "एक आरोग्य शिबिरही घेऊ" असा मोह होतो. तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीशिवाय तिथं रुग्ण तपासता येत नाहीत. औषधांची खोकी घेऊन जाऊ नका.

५. लस आणि मलेरिया

इथं सर्वांत जास्त गोंधळ होतो. भारतातून केनियात शिरताना यलो फिव्हरचा, म्हणजे पीतज्वराचा दाखला कोणी मागेलच असं नाही, कारण भारतात हा रोग नाही. म्हणून कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "लस लागत नाही." पण भारतात परतताना तो लागतो. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो, आणि तिथून येणाऱ्याकडे दाखला नसेल तर भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

लस फक्त केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेतलेली चालत नाही. केंद्रांचे वार ठरलेले असतात, आधी नोंदणी लागते. दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, त्याआधी नाही. एकदा घेतली की तो जन्मभर चालतो. जुन्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी २०१६ पासून तो आजन्म धरला जातो. पुस्तकावर पासपोर्ट क्रमांक, सही, शिक्का आहे ना हे केंद्रातून बाहेर पडण्याआधी पाहा.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार किंवा औषधं असतील तर ती देत नाहीत. ६० वर्षांवरच्यांनी ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरशी बोललंच पाहिजे. मंडळीतल्या ज्येष्ठ माणसांना न्यायचं ठरवता तेव्हा हा विचार सगळ्यांत आधी करा, तिकीट काढल्यावर नको. ज्यांना लस घेता येत नाही त्यांनी घरी राहून प्रार्थनेची साखळी सांभाळावी. ते काम हलकं नाही.

मलेरिया: नैरोबी उंचावर आहे, सुमारे १,८०० मीटरवर, तिथं धोका कमी. मोंबासा आणि रबाई मात्र किनाऱ्यावर, दमट हवेत. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा असतो, जो अंगावर काढला तर जिवावर बेततो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात: काही गोळ्या आठवडाभर, काही चार आठवडे. घरी आलो, बरं वाटतंय म्हणून त्या मध्येच सोडणारे फार. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी केनियाहून आलोय.

६. पैसा

प्रत्येकानं आपलं तिकीट आपल्या पैशातून काढावं, आणि ज्याला झेपत नाही त्याला मंडळीतल्या व्यक्तींनी स्वतःच्या खिशातून मदत करावी. सर्वांत स्वच्छ मार्ग हाच. कारणं दोन. धर्मादाय न्यासानं भारताबाहेर केलेल्या खर्चाला खास मंजुरीशिवाय आयकरात सूट मिळत नाही, आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. दुसरं, एफसीआरए खात्यातल्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या, रकमेला तर या दौऱ्यासाठी हातच लावू नका. ट्रस्टच्या पैशातून काही करायचंच असेल तर सीएला आधी विचारा, नंतर नाही.

डॉलरच्या रोख नोटा एका दौऱ्यासाठी माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण इतक्या नेण्याची गरज नसते. बहुतेक रक्कम फॉरेक्स कार्डावर ठेवा, थोडे डॉलर रोख. नोटा नव्या छपाईच्या आणि कोऱ्या घ्या. जुन्या, डाग पडलेल्या नोटा तिथं नाकारतात. शिलिंग नैरोबीत बदलून मिळतात. रोजचे व्यवहार मात्र एम-पेसावर चालतात. आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी, २००७ पासून, तिथं भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि टीमच्या खजिनदाराच्या नावानं एम-पेसा सुरू करा. एकाच माणसाकडून खर्च झाला की हिशेबही नीट राहतो.

टूर कंपनीकडून सगळं एकत्र पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, फक्त पॅन बरोबर दिलेलं असावं.

७. केव्हा जायचं, कसं जायचं

मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत छोटा. कच्च्या रस्त्यांच्या गावी जायचं असेल तर हे महिने टाळा. जुलै ते सप्टेंबर बरा. नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण टाळा, त्या दिवसांत तिथल्या पाळकांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

मुंबईहून नैरोबीला थेट विमानं आहेत, सहा तासांच्या आसपास. वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. नैरोबीहून मोंबासाला २०१७ मध्ये सुरू झालेली मदाराका एक्स्प्रेस रेल्वे घ्या, पाच-सहा तासांचा प्रवास आहे. तिकिटाला पासपोर्ट क्रमांक लागतो, पैसे एम-पेसावर भरावे लागतात, म्हणून ती यजमानांकडून काढून घ्या. स्टेशनावर विमानतळासारखी तपासणी होते, तासभर आधी पोचा. मोंबासाचं स्टेशन शहराबाहेर मिरितिनीला आहे. रात्री उशिराची गाडी नको.

विमा घेताना रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा. मोंबासात भारताचं सहायक उच्चायुक्तालय आहे. त्याचा फोन प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहून ठेवा.

८. सामान

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, आणि शिक्षा जबर: लाखो शिलिंग दंड किंवा तुरुंग. आपल्याकडे चप्पल एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या पिशवीत, चिवडा तिसऱ्या पिशवीत बांधायची सवय. घरून निघतानाच सगळं कापडी पिशव्यांत भरा. विमानतळावरच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवीसुद्धा उतरण्याआधी टाकून द्या.

प्लगची जाडी वेगळी, तिथं ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट आहेत. मुंबईत ॲडॅप्टर स्वस्त मिळतो. सुती कपडे, लांब बाह्यांचे. मोंबासा हे मोठ्या मुस्लिम वस्तीचं शहर आहे, अंगभर कपडे सगळ्यांनाच बरे दिसतात. बहिणींनी साड्या न्याव्यात, निदान रविवारची एक तरी. तिथल्या बायकांना त्या फार आवडतात.

टाळ, खंजिरी, शक्य असेल तर छोटी पेटी न्या. भेटवस्तू म्हणून नाशिकचे मनुके कंपनीच्या बंद पाकिटातले न्या, घरी बांधलेले नकोत. वाटायला जुने कपडे नेऊ नका. मी हे आग्रहानं सांगतो. ज्यांना आपण भाऊ-बहीण म्हणतो त्यांच्याकडे वापरलेले कपडे घेऊन पहिल्यांदा जात नाहीत.

९. तिथली उपासना

किनाऱ्यावर लोक घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. स्वाहिलीत सकाळचा 'तिसरा तास' म्हणजे आपले नऊ. इंग्रजी बोलणारी माणसं आपल्यासारखीच वेळ सांगतात, पण ड्रायव्हर किंवा आजीबाई 'तीन' म्हणाल्या तर नऊ की तीन हे विचारून घ्या.

रविवारची उपासना तीन-चार तास सहज चालते. सकाळी पोटभर खाऊन निघा. पाहुण्यांना पुढे बोलावतात आणि प्रत्येकाला मंडळीला सलाम सांगायला लावतात. "ब्वाना असिफिवे" म्हणजे प्रभूची स्तुती असो. आपण म्हटलं की सगळी मंडळी "आमेन" म्हणून दणक्यात उत्तर देते. तेवढं पाठ करा, मग आपलं नाव, गाव, आणि आपल्या मंडळीचा सलाम. दोन मिनिटं. "बोलायला सांगणार नाहीत" अशा भरवशावर कोणी राहू नये.

संदेश मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून स्वाहिलीत असा जातो, आणि रबाईसारख्या गावात वयस्क माणसांना आपली मिजिकेंडा बोली जवळची असते. पंधरा मिनिटांचा संदेश पाऊण तास होतो. लहान वाक्यं बोला, शब्दांच्या कोट्या टाळा, संदेश लेखी स्वरूपात दुभाष्याला शनिवारीच द्या. पण माझा अनुभव सांगतो की संदेशापेक्षा साक्ष जास्त पोचते. दुष्काळात शेत गेलेल्या शेतकऱ्यानं, व्यसनातून सुटलेल्या भावानं, विधवा बहिणीनं आपली गोष्ट सांगितली की समोरच्या बाकांवरून हुंकार येतात. टीममध्ये वक्ते कमी आणि अशी माणसं जास्त न्या.

आणि ऐका. रोजच्या कार्यक्रमात निदान निम्मा वेळ त्यांनी बोलावं, आपण ऐकावं, असा ठेवा. पौल बर्णबाला म्हणाला की आपण पूर्वी वचन सांगितलं त्या गावोगावच्या बंधूंना पुन्हा भेटून ते कसे आहेत ते पाहू, हे प्रेषितांच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते कसे आहेत हे पाहणं, हेच काम. आजारी माणसांच्या घरी जा, नुकतंच माणूस गेलेल्या घरी जा. तिथं भाषा लागत नाही, बसावं लागतं. आपलं एक भजन टाळांवर म्हणा. दुसऱ्या कडव्याला ती माणसं टाळ्यांनी ठेका धरतात.

जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकड, सुकुमा विकीची पालेभाजी, कोंबडी, चपाती, दुधाचा चहा. जमेल तेवढं खा, नावं ठेवू नका. पाणी बाटलीतलंच. निरोपाला बायांना लेसो, म्हणजे तिथलं रंगीत सुती वस्त्र, पांघरतात, कधी जिवंत कोंबडीही देतात. नाही म्हणू नका. कोंबडी विमानात जात नाही हे त्यांनाही माहीत आहे. ती यजमानांच्या घरी ठेवून आभार माना.

मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि फाटक्या कपड्यांतल्या लेकरांचे फोटो स्टेटसला लावू नका. ते फोटो फिरत फिरत त्याच मंडळीच्या फोनवर पोचतात.

एक दिवस इतिहासासाठी ठेवा. रबाईला क्रॅप्फ यांच्या नावाचं संग्रहालय आहे. मिशनरी योहान लुडविग क्रॅप्फ १८४४ मध्ये मोंबासाला आले आणि काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नवजात मुलगी तिथं वारल्या. फ्रीअरटाउनची घंटा अजून उभी आहे, त्या चौकालाच तिच्यावरून केंगेलेनी म्हणतात. शरणपुरातून आलेल्यांची आठवण सांगणारी माणसं तिथं भेटतात. त्यांना नाशिकची गोष्ट ऐकायची असते, म्हणून शरणपूरच्या चर्चचा आजचा फोटो छापून न्या.

१०. मागणी आणि वचनं

छपराचे पत्रे, मुलीची फी, पाळकांसाठी मोटारसायकल, बोअरवेल. मागण्या येणारच, आणि त्या बहुतेक खऱ्या असतात. कधी उपासनेतच हरांबे, म्हणजे सगळ्यांनी मिळून निधी जमवणं, सुरू होतं आणि नजरा पाहुण्यांकडे वळतात.

निघण्याआधी टीमनं एक ठराव करावा: दौऱ्यात कोणीही कोणाला पैशाचं वचन देणार नाही, खासगीतही नाही. हरांबेमध्ये टीमच्या वतीनं आधी ठरवलेली माफक रक्कम खजिनदार देईल. बाकीच्या मागण्या लिहून घ्यायच्या आणि सांगायचं, "आम्ही हे आमच्या मंडळीसमोर ठेवू." एवढंच. एखाद्या कनवाळू बहिणीनं एका मुलीची फी भरायचं कबूल केलं की उरलेल्या चाळीस आया पाळकांच्या दारात उभ्या राहतात, आणि आपण परत गेल्यावर त्यांना तोंड द्यायला एकटे तेच उरतात. दिलेलं वचन पाळलं नाही तर अख्ख्या मंडळीचा विश्वास दुखावतो.

११. परतल्यावर

पंधरा दिवसांत मंडळीसमोर अहवाल ठेवा: हिशेब, भेटलेल्या माणसांची नावं प्रार्थनेसाठी, आणि लिहून आणलेल्या मागण्या. तेवढ्याच दिवसांत यजमानांनाही पत्र पाठवा, मागण्यांवर काय ठरलं ते स्पष्ट लिहून. 'नाही' असेल तर तेही लिहा.

मग त्यांना इकडे बोलवा. भेट एकाच बाजूनं होत राहिली तर नातं वाकडं होतं. मात्र इथले नियम आधी समजून घ्या. पर्यटक व्हिसावर आलेला परदेशी पाहुणा उपासनेला बसू शकतो, मंडळीत सगळ्यांना भेटू शकतो, पण धर्मोपदेश किंवा प्रचाराची भाषणं करू शकत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. नियम मोडला तर पाहुण्याला परत पाठवलं जाऊ शकतं आणि काळ्या यादीतही टाकलं जाऊ शकतं, म्हणून "दोन शब्द बोला" असा आग्रह आपल्याच माणसांनी करू नये. पाहुणा ज्याच्या घरी उतरेल त्यानं २४ तासांत पाहुण्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, घर असो की चर्चचं अतिथिगृह. पाहुण्यालाही पीतज्वराचा दाखला लागतो, आणि तो आपल्या विमानतळावर नक्की मागतात. हे सगळं निमंत्रणपत्रासोबत एका कागदावर लिहून पाठवा, आणि तो कागद पाठवण्याआधी धर्मप्रांताच्या कार्यालयात एकदा दाखवून घ्या.